डाव्या टॉवरचा आवाज

"गमतीजमती लिहा," असं या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "छत्तीस वर्षं म्हसळ्यात गॅरेज चालवलंत, एकेक नमुना भेटला असेल. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं." मी हो म्हणून बसलो. वही उघडून आता आठ दिवस झाले. गमतीच्या म्हणून ज्या गोष्टी आठवतात त्या पहिल्या पानावरच संपतात, आणि मग हात आपोआप एकाच गोष्टीकडे जातो. ती हसण्यासारखी नाही. बाईंना नको असेल तर त्यांनी छापू नये. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

तरी सुरुवात गमतीनेच करतो, म्हणजे शब्द पाळल्यासारखं होईल.

किहीमच्या एका बंगलेवाल्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. म्हसळ्याहून किहीम म्हणजे काही शेजार नव्हे, पण त्यांच्या माळ्यानं माझं नाव सांगितलेलं. गाडी नवी कोरी. काम काय, तर पुढची स्ट्रट ब्रेस बदलायची. का, तर कंपनीची काळी होती आणि साहेबांना लाल हवी होती. बसवून दिली. साहेबांनी पाहुण्यांना अंगणात बोलावलं, बॉनेट उघडलं, सगळ्यांनी लाल दांडी बघितली, एकानं फोटो काढला, बॉनेट बंद. ती गाडी वर्षातून चारदा बाहेर पडायची, तीही मांडव्याच्या जेट्टीपर्यंत. मी घरी येईपर्यंत हसत होतो.

दुसरी गंमत दर शनिवार-रविवारची. श्रीवर्धनच्या पुळणीवर गाडी घालायची, ओल्या वाळूत रुतवायची आणि मग मेस्त्रीला फोन करायचा. एका गृहस्थांच्या गाडीला बंपरपर्यंत पाणी लागलेलं. मला म्हणाले, "ही भरती साधारण किती वाजता बंद होते?" मी म्हटलं, समुद्राच्या ऑफिसात विचारून सांगतो. ट्रॅक्टर लावून गाडी ओढली, नळीनं धुतली. वरून चकाचक झाली. मी त्यांना सांगितलं, साहेब, खालून चार वेळा गोड्या पाण्यानं धुवा, आत मीठ राहिलंय. ते हसले. मीठ आज दिसत नाही, पाच-सहा वर्षांनी दिसतं. तोवर गाडी तिसऱ्याच माणसाच्या दारात उभी असते.

झाल्या गमती.

आता स्ट्रट ब्रेस म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर दोन शॉकअप उभे असतात. रस्त्याचा प्रत्येक खड्डा चाकातून त्यांच्यात जातो. शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला जिथं बोल्टानं धरलेलं असतं, तिथं पत्र्याचा एक उंचवटा असतो. त्याला टॉवर म्हणतात. बॉनेट उघडलं की डावीकडे एक, उजवीकडे एक, असे दोन गोल माथे दिसतात. वळणावर गाडीचं वजन एका अंगाला गेलं की हे दोन माथे केसभर आत-बाहेर होतात. ते होऊ नयेत म्हणून दोघांना आडव्या दांडीनं एकमेकांना बांधायचं, एवढंच स्ट्रट ब्रेसचं काम. काही गाड्यांना ती कंपनीकडूनच येते, पण पातळ पट्टीची. ती काढून जाड पाइपाची बसवली की गाडी वळणावर घट्ट बसते. घरच्या अंगणात तासाभरात होणारं काम आहे.

पण आमच्या किनाऱ्यावर ते करण्याआधी एक गोष्ट करायची असते. ती मला माझ्या उस्तादांनी शिकवली. म्हसळ्याच्या नाक्यावर त्यांचं गॅरेज होतं, मी त्यांच्याकडे सात वर्षं काढली. उस्तादांची सक्त ताकीद असे, की खाऱ्या हवेतल्या गाडीला काहीही जोडण्याआधी तिथला पत्रा हातोडीच्या मागच्या बाजूनं ठोकायचा आणि कान द्यायचा. तीन ठोके. चांगलं लोखंड ठण वाजतं. गंज आतून खात असेल तर थप वाजतं, वर रंग कितीही छान असो. आणि ऐकून झाल्यावर गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगायचं. गिऱ्हाईक चिडो, उठून जाओ, दुसऱ्या गॅरेजात जाओ, सांगायचं. "दिल में रखने के लिए नहीं ठोका," असं ते म्हणत. मी छत्तीस वर्षं सांगत आलो. लोकांनी माझ्या तोंडावर मला चोर म्हटलं, काम वाढवून सांगतो म्हणाले, तरी सांगत आलो. या एका गोष्टीचा मला गर्व होता, म्हणून ती आधी लिहून ठेवली.

गॅरेज बंद केलं ते गुडघ्यांपायी. गाडीखालच्या खड्ड्यात उतरलं की वर यायला माणूस लागायचा. हत्यारं तेवढी घरी आणली, तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. खंडेनवमीला खाली काढायची, पूजा करायची, परत वर. अशी दोन वर्षं गेली. कोणी कामाला बोलावत नव्हतं, आणि बोलावत नाही याचं वाईट वाटत होतं हे मी घरातही कबूल केलं नाही.

तेव्हा गणपतनानांचा फोन आला. गणपतनाना श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरचे. पूर्वी मासेमारीला जायचे, मग दर्या सोडून बोटींना फायबर मारण्याच्या कामाला लागले. हल्ली लाकडी होडीला बाहेरून काचेच्या तंतूंची चटई आणि रसायन लावून कडक थर चढवतात, त्याला आमच्याकडे फायबर मारणं म्हणतात. लाकूड जुनं असलं तरी पाणी आत शिरत नाही, होडी आणखी दहा वर्षं चालते. नानांचा या कामात हात इतका साफ होता की जोड कुठं आहे ते बोटाला कळायचं नाही. त्यांची पांढरी जुनी गाडी माझ्याकडेच वाढलेली.

"मेस्त्री, धंदा बंद केलात तुमी, ठावं हाय मना," नाना म्हणाले. "पन एकदा येऊन जा. हिच्यासाठी बोलवतोय."

ही म्हणजे सुमनवहिनी, नानांची बायको. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला माणगावला न्यायचं. श्रीवर्धन ते म्हसळा, म्हसळ्याहून घाट, मग माणगाव. चार तास मशिनवर, आणि परत तोच रस्ता. एसटीनं एकदा नेलं तर येताना बाई आडवीच उतरली. मूलबाळ नाही. गाडी होती म्हणून त्या जिवंत होत्या, असं म्हटलं तर त्यात फुगवून सांगितलेलं काही नाही.

"गाडी वळणावर जाम हालते," नाना सांगत होते. "हिला घाटात उलट्या व्हतात. वरची कडी धरून बसते आनि डोळं मिटत न्हाय. भाच्यानं नवी दांडी मागवून दिलीय, ती बसवा."

भाचा नवी मुंबईत असतो. त्यानंही मला फोन केला. "अंकल, टेन्शन नका घेऊ, सिंपल आहे. चार-सहा नट खोलायचे, दांडी टाकायची, बस. व्हिडिओ भेजता हूँ." मी म्हटलं, पाठव बाबा, शिकून घेतो.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. मी हत्यारांची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं गेलो. खोटं कशाला बोलू, नवरदेवासारखा गेलो. कपडे इस्त्रीचे.

नानांचं घर बंदराच्या वरच्या आळीत. पुढं शेणानं सारवलेलं खळं, त्यात गाडी उभी. वहिनी पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांना वर्षभरानं बघत होतो. चेहरा सुजलेला, रंग राखेसारखा, हाताला मशिनच्या सुयांच्या गाठी. बाजूला औषधाच्या कपाएवढं एक स्टीलचं भांडं. दिवसभराचं पाणी त्या भांड्यानं मोजून प्यायचं. मागं वाडीत शहाळी लटकलेली आणि या बाईला एक घोट चालत नव्हता. मीठ तर बंदच.

"भाऊ, चहा घ्या. मला विचारू नका, मी नुसता वास घेते," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मी कामाला लागलो. हे काम करताना गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी हवी, जॅक लावायचा नाही. जॅकवर गाडी चढवली की बॉडी सैल पडते आणि दांडीचं माप चुकतं. जुनी पातळ पट्टी काढली. आळीतली चार माणसं जमली. दोन वर्षांनी माझ्याभोवती बघे जमले होते. मी जरा सावकाशच काम करत होतो, लोकांना दिसावं म्हणून.

उजव्या टॉवरवर तीन ठोके दिले. ठण. डाव्याकडे आलो. डावा माथा काळ्या रंगानं रंगवलेला, ताजा, आणि फार गुळगुळीत. कारखान्यातला पत्रा इतका गुळगुळीत कधी नसतो. मी हातोडी उलटी करून ठोकली.

थप.

परत ठोकली, जरा बाजूला. थप. तिसरा ठोका कडेला, जिथं टॉवरचा माथा खालच्या भिंतीला जोडलेला असतो तिथं. तिथं तर लाकडी फळीवर मारल्यासारखं वाजलं. मी नखानं खरवडलं. तिथं रंगाखाली पत्रा नव्हता. फायबर होतं. होडीला मारतात तसं, थरावर थर, कडा घासून, वर रंग.

मी मान वर केली. नाना समोरच्या बाजूला उभे होते, हात मडगार्डवर. ते माझ्याकडेच बघत होते.

फायबर पाण्याला अडवतं. पाण्याचा दाब बाहेरून आत असतो आणि सगळीकडून सारखा. शॉकअप खालून वर ठोसे मारतो, एकाच जागी, प्रत्येक खड्ड्याला. तिथं लोखंडच हवं. हे मला त्या क्षणी कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे नवी दांडी काय करणार तेही कळत होतं. जुनी पातळ पट्टी वाकायची, म्हणून डाव्या माथ्यावर फार जोर येत नसे. ही जाड दांडी वाकणार नव्हती. उजव्या चाकाचा जोरही ती सरळ डावीकडे नेऊन देणार होती, जिथं घ्यायला कोणी नव्हतं.

सांगायचं काय होतं? "नाना, डावा टॉवर गेलाय. गाडी चालवू नका." एवढंच. टॉवर कापून दुसऱ्या गाडीचा वेल्ड करायला माणगावात पंधरा दिवस गेले असते. पंधरा दिवस वहिनींना भाड्याच्या जीपनं न्यावं लागलं असतं. अवघड होतं, पण होण्यासारखं होतं.

तेवढ्यात पडवीतून वहिनींनी विचारलं, "भाऊ, होईल ना गाडी?"

मी म्हटलं, "होईल की."

पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की मला त्यांची दया आली. दया आली होती हे खरं. पण मी ज्या कामासाठी इस्त्रीचे कपडे घालून आलो होतो ते काम मला पुरं करायचं होतं, हेही तितकंच खरं आहे. चार माणसं बघत होती. काम नाही होत म्हणून पिशवी आवरून परत एसटीत बसायला मन तयार होईना. मनाशी म्हटलं, पुढच्या खेपेला नानांना बाजूला घेऊन सांगू. तोवर टिकेल.

दांडी बसवली. दोन्हीकडचे नट आधी हातानं, मग गोटीपान्यानं थोडे थोडे, आलटून पालटून. डावीकडचा शेवटचा नट आवळताना माथा केसभर खाली दबला. मी थांबलो, आणि पाव फेरा कमी आवळला. मग लाज वाटली म्हणून तोही आवळला.

बॉनेट दांडीला घासत नाही ना हे बघायला आम्ही दांडीवर पिठाचा गोळा ठेवतो आणि बॉनेट अलगद बंद करतो. उघडल्यावर गोळा किती चेपला त्यावरून जागा कळते. वहिनींनी भाकरीच्या पिठाचा गोळा करून दिला, स्वतः उठून, भिंत धरत. "बिनमिठाचं आहे, गाडीला चालेल," म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

गाडी फिरवून आणली. आळीच्या तोंडाशी एक काटकोनात वळण आहे, तिथं ती पूर्वी डोलायची. ती रुळावरून गेल्यासारखी वळली. नाना म्हणाले, "मेस्त्री, हात अजून तोच हाय." मला फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन. "ही झोपली हो. घाटात झोपली, येताना आनि जाताना पन. वर्षात पयल्यांदा." मी बायकोला तीन वेळा सांगितलं. दांडीचा गुण, म्हटलं. टॉवरबद्दल नानांना सांगायचं होतं, पण इतक्या आनंदात फोन आलेला, तेव्हा कुठं बोलायचं? दसऱ्याला मी सांगायचं ठरवूनच गेलो. नानांनी बॉनेट उघडून दांडीला झेंडूचा हार घातला होता, हळदकुंकू लावलं होतं. वहिनींनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यामुळं वाटेत डोळा लागतो. एरवी कुठंच लागत नाही." मी पानं घेतली आणि परत आलो. त्यानंतर मी श्रीवर्धनला जायचं टाळू लागलो.

पाच महिने ती गाडी चालली. नानांचं फायबर खरंच चांगलं होतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर पंधरा दिवसही टिकलं नसतं.

माघात, एका गुरुवारी सकाळी नानांचा फोन आला. आवाज तुटत होता, घाटात रेंज नसते. "मेस्त्री, गाडी बसली."

मी ओळखीच्या एका पिकअपवाल्याला घेऊन गेलो. घाटातल्या तिसऱ्या वळणावर गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात डाव्या गुडघ्यावर बसल्यासारखी उभी होती. बॉनेट डावीकडे आतून वर आलेलं. कुणाला लागलं नव्हतं. नाना एकटेच दगडावर बसले होते. वहिनींना त्यांनी दुधाच्या टेंपोत बसवून पुढं पाठवलं होतं, टेंपोवाल्याच्या बायकोच्या सोबतीनं. पण त्याआधी अडीच तास दोघं तिथंच उभी होती, आणि एकही गाडी थांबली नव्हती.

"तुम्ही जा त्यांच्याकडं, नाना. गाडीचं मी बघतो," मी म्हटलं. पिकअपवाल्यानं त्यांना पुढं सोडलं. मी बॉनेट उघडलं.

डावा टॉवर फाटला होता. शॉकअप खालून वर आलेला. फायबरचे थर सोललेल्या केळीच्या सोपासारखे लोंबत होते, त्यातून काचेचे पांढरे तंतू उन्हात चमकत होते. दांडी जिथल्या तिथं होती. तिच्या डाव्या टोकाला टॉवरचा गोल माथा, ताटलीएवढा, कडेनं फाटून सुटलेला, अजून घट्ट बांधलेला होता. माझ्या नटांनी बांधलेला. एकही नट सैल झाला नव्हता. मी हात लावून बघितले. काम पक्कं होतं.

माणगावला वहिनी उशिरा पोचल्या. त्यांच्या वेळेचं मशिन पुढच्या पेशंटला लावलेलं. त्यात त्या लोकांची चूक नाही, तोही माणूस त्यावरच जगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर देतो म्हणाले. सोमवारची खेप आधीच दवाखान्यात लाइट नव्हती म्हणून हुकली होती. अंगात पाणी साठत गेलं, मग छातीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, नंबर लागायच्या अर्धा तास आधी, वहिनी गेल्या. खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या, आडवं झालं की श्वास मिळत नव्हता म्हणून.

मी अंत्यविधीला गेलो, तेराव्याला गेलो. दोन्ही वेळा सांगायला गेलो होतो आणि दोन्ही वेळा माणसांच्या गर्दीआड उभा राहून परत आलो. गाडीतून काढून आणलेली दांडी घरी पडलेली, डाव्या टोकाला ती लोखंडाची ताटली. बायको म्हणाली, भंगारात द्या. मी दिली नाही.

महिन्याभरानं ती गोणपाटात गुंडाळली, हातोडी पिशवीत टाकली आणि जीवना बंदरावर गेलो. नाना एका होडीला फायबर मारत होते. होडी ओंडक्यांवर चढवलेली, एक बाजू पुरी झालेली. दुसरं कोणी नव्हतं. मी गोणपाट उघडून दांडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"नाना, मला माहीत होतं," मी म्हटलं. "दांडी बसवायच्या आधी ठोकून बघितलं तेव्हाच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

नानांनी ब्रश डब्यात ठेवला. हात फडक्याला पुसले. त्या ताटलीच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं.

"आवाज कसा आला व्हता?" त्यांनी विचारलं.

"थप."

"आनि उजवीकडं?"

"ठण."

त्यांनी मान हलवली. "भोक पडलेलं व्हतं मेस्त्री. माझा अंगठा जाईल एवढं. तुमी यायच्या चार दिवस आधी मी तीन थर मारले. तुमाला बोललो न्हाय. म्हटलं, बोललो तर तुमी गाडीला हात लावनार न्हाय."

"मग?"

"मग तुमी हातोडी काढलीत. मी समोरच उभा व्हतो. म्हटलं, आता मेस्त्री बोलनार. तुमी बोलला असतात तर मी त्याच दिवशी गाडी सोडली असती, खोटं सांगत न्हाय. तुमी तीनदा ठोकलंत, माझ्याकडं बघितलंत आनि दांडी बसवलीत. मना वाटलं, माझा काम तुमी पास केलात."

मी ओंडक्यावर बसलो.

"तिला पन मी तेच सांगितलं," नाना म्हणाले. "तिला ठावं व्हतं भोकाचं. तिनंच तर चटई कापून दिलेली. म्हनून डोळं मिटायची न्हाय गाडीत, आनि उलट्या पन भ्यानंच व्हायच्या. मी म्हटलं, मेस्त्रीनं ठोकून बघितलंय, आता भ्यायचं काम न्हाय. तवापासून झोपाया लागली."

पाच महिने मी समजत होतो की त्या दांडीमुळं झोपत होत्या.

मला रडू आलं. बासष्ट वर्षांचा माणूस बंदरावर बसून रडला, ते लपवण्यात अर्थ नाही. नाना रडले नाहीत. त्यांनी मला धरलंही नाही आणि माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मी तशी अपेक्षा धरून गेलो होतो काय, कुणास ठाऊक. धरून गेलो असेन.

मग त्यांनी माझी पिशवी ओढली, आतून हातोडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"ही होडी पौर्णिमेला पान्यात जानार हाय. सहा मानसं असतात हिच्यावर," ते म्हणाले. "मारलेली बाजू ठोका. माझा मना आता कळत न्हाय."

मी उठलो. गुडघे दुखत होते. नाळीपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून सुरुवात केली, वीतभर अंतर सोडून एक एक ठोका देत मागं सरकत गेलो. लाकडावरच्या फायबरचा आवाज वेगळा असतो, पण भरीव आणि पोकळ हा फरक सगळीकडे सारखाच असतो. नाना खडू घेऊन माझ्या मागून चालत होते. होडीच्या मध्यापर्यंत सगळं भरीव लागलं. प्रत्येक ठोक्याला मी मोठ्यानं म्हणत होतो, "चांगलं आहे." पुढचा ठोका. "चांगलं आहे."

तळाच्या जरा वर एका जागी हातोडी थप वाजली. मी परत ठोकलं. नाना समोर येऊन उभे राहिले. हात होडीच्या कडेवर ठेवून ते माझ्याकडं बघत होते, त्या दिवशी खळ्यात बघत होते तसेच.

"नाना, इथं पोकळ आहे," मी म्हटलं.

त्यांनी खाली वाकून तिथं फुली मारली.